पाटीवरचे दोन सेकंद

मिस्त्रींच्या पाटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांच्या गॅरेजचा कायदा होता. पाना हरवला तर ते चालवून घेत, कुणी त्यांचा डबा संपवला तरी हसत, पण पाटी नुसती इकडची तिकडे झाली तरी त्यांचा पारा चढायचा. तसं पाहिलं तर पाटीत होतं काय? दोन हात लांबीचा काळा पत्रा, त्याला एक लाकडी दांडा आणि खाचेत सरकवायचे पांढरे आकडे. पण त्यांची धाकटी लेक ताशी दोनशेच्या वेगाने समोरून जायची, तेव्हा साऱ्या शर्यतीची बातमी तिला त्या एका आकड्यातूनच कळायची.

कारण ही शर्यत काही सगळ्यांनी एकदम सुटायची नव्हती. रस्ते रोजच्या वापरातले, घरांच्या आणि दुकानांच्या मधून जाणारे, एरवी दूधवाल्यांचे आणि शाळेच्या बसचे. त्यावर पन्नास मोटरसायकली एकदम सोडल्या तर पहिल्याच वळणावर सगळ्यांची चटणी झाली असती. म्हणून एकेकाला दहा दहा सेकंदांनी सोडायचे आणि शेवटी प्रत्येकाचा वेळ मोजायचा. धाकटीच्या मागून बरोबर वीस सेकंदांनी चष्मेवाला सुटला होता. तो तीन वर्षांचा विजेता, हेल्मेटच्या आत जाड चष्मा घालून चालवणारा, आणि घाम म्हणून कधी पुसताना दिसला नाही असा माणूस. वर्षभराच्या सात शर्यती झाल्या होत्या आणि दोघांचे गुण अगदी सारखे होते. ही आठवी आणि शेवटची. आज ज्याचा वेळ कमी, वर्षाचं विजेतेपद त्याचं. धाकटी आजवर दोनदा दुसरी आली होती आणि दुसऱ्या नंबरचे दोन्ही कप तिने गॅरेजमध्ये नटबोल्ट ठेवायला दिले होते.

सहा फेऱ्या. एका फेरीला आठेक मिनिटं. अर्ध्या वाटेवर पूल होता आणि पुलावरची वेळ इकडे सुरुवातीच्या रेषेजवळ, गॅरेजवाल्यांच्या तळावरच्या पडद्यावर दिसायची. पडद्यासमोर थोरली लेक बसायची. ती शाळेत गणित शिकवायची आणि आकड्याच्या बाबतीत सख्ख्या बापालाही सूट द्यायची नाही. सुटण्यातलं अंतर वजा करून धाकटी प्रतिस्पर्ध्याच्या किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, तो आकडा ती ओरडून सांगायची, मिस्त्री तो पाटीवर लावायचे आणि रस्त्याकडेच्या कठड्याला पोट टेकून पाटी बाहेर धरायचे. पाटीचं तोंड रस्त्याकडे. थोरलीला दिसायची ती फक्त पाठ.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. गेली नऊ वर्षं मिस्त्री पाटीवर खोटं लावत होते.

फार नाही, दोन सेकंदांचं. धाकटी पाच सेकंदांनी पुढे असली तर ते तीन लावायचे. तीनने पुढे असली तर एक. पोरगी गाफील राहू नये एवढाच हेतू. तिला आघाडी मिळाली की ती सैल पडते, हे त्यांनी तिच्या पहिल्याच शर्यतीत हेरलं होतं. हे गुपित त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पण दोन आठवड्यांपूर्वीच्या शर्यतीत गिरणीच्या वळणावर धाकटीची गाडी घसरली. गुडघा रस्त्याला घासत, गाडी आडवी होता होता तिने सावरली. ते दृश्य मिस्त्रींनी पडद्यावर पाहिलं. त्या फेरीला ती दोनने पुढे होती आणि त्यांनी पाटीवर शून्य लावलं होतं. त्या शून्यापायी पोरगी जिवावर उदार झाली, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढचे चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. आणि त्यांनी मनाशी ठरवलं, आता बास. आजपासून पाटीवर खरं ते खरं. अर्थात हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधीची नऊ वर्षं कबूल करायची, आणि मिस्त्री मरतील पण चूक कबूल करणार नाहीत अशा जातीचे.

पहिल्या फेरीला थोरली ओरडली, "एकने पुढे!" मिस्त्रींनी एक लावला. दुसऱ्या फेरीला तीन. तिसऱ्या फेरीला चार! गर्दी कठड्यावर चढली होती, लाउडस्पीकरवाल्याचा घसा बसत आला होता. धाकटी समोरून गेली ती वाऱ्याचा झोत आणि पेट्रोलचा वास मागे ठेवून गेली. मान पाटीकडे वळली, क्षणभर, पुन्हा सरळ.

"चार खरेखुरे," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांना नऊ वर्षांत प्रथमच हलकं वाटलं.

चौथ्या फेरीला पुलावरचा आकडा आला तो अडीचचा.

"अडीच?" मिस्त्री ओरडले. "दीड सेकंद कुठे सांडला?"

"तो वेग वाढवतोय बाबा. आणि ही वाढवत नाहीये."

मिस्त्रींनी अडीच लावला आणि पाटी इतकी बाहेर काढली की पंचाने शिट्टी वाजवली. धाकटी आली, पाहिलं, गेली. आणि तिच्या इंजिनाचा आवाज ऐकून मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनीच बांधलेलं ते इंजिन, त्याची नस न् नस त्यांना ठाऊक. पोरगी ते ओढत नव्हती. आरामात चालली होती, लग्नाला निघाल्यासारखी.

"ही झोपली काय गाडीवर?" त्यांनी पाटी आपटली. "अडीच दाखवला! मागचा उरावर बसलाय, आणि ही बाई टायर जपतेय!"

थोरलीने पडद्यावरून मान फिरवली. "बाबा, किती लावलात?"

"अडीच. तूच सांगितलास ना?"

"अडीच असेल तर अर्धा लावायचा ना."

मिस्त्री हळूच म्हणाले, "म्हणजे काय?"

"म्हणजे दोन वजा करून. नेहमीसारखा." थोरलीचा चेहरा उतरला होता. "बाबा, आज खरा आकडा लावताय? कधीपासून?"

"सकाळपासून."

"अहो, मग सांगायचं नाही का?" थोरली खुर्चीतून उठलीच. "तिला माहीत आहे! तीन वर्षं झाली. निकालाचे कागद घरी आणून ती तुमच्या पाटीशी ताडून बघते. तुम्ही दोन कमी लावता, ती दोन मिळवते. मनातल्या मनात. आत्ता तिच्या डोक्यात साडेचार सेकंद आहेत!"

मिस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली.

"तीन वर्षं? आणि मला कुणी बोललं नाही?"

"ती म्हणाली, बाबांना वाईट वाटेल. असू दे त्यांचं समाधान."

"मग गिरणीच्या वळणावर? शून्य बघूनच ती घसरली ना?"

"तिथे तेल सांडलं होतं, बाबा! तुमच्या शून्यावर तिने काडीचा विश्वास ठेवला नव्हता."

म्हणजे दोन आठवडे त्यांचं मन त्यांना फुकट खात होतं. आणि ज्या दिवशी ते खरं बोलायला लागले, त्याच दिवशी त्यांच्या खऱ्याने पोरीचा घात चालवला होता. हसावं की रडावं तेही कळेना, आणि दोन्हींना वेळ नव्हता. पडद्यावर पाचव्या फेरीचा पुलावरचा आकडा उमटला.

अर्धा. अवघा अर्धा सेकंद.

"बाबा, ऐका," थोरली भराभर बोलू लागली. "वजा दीड लावा. दीडने मागे. ती दोन मिळवेल, बरोबर अर्धा होईल. तिला कळेल."

मिस्त्रींनी 'वजा'चा पत्रा उचलला. खाचेपर्यंत नेला. आणि हात थांबला.

"आणि तिने आज मिळवलेच नाहीत तर?" ते म्हणाले. "दीडने मागे आहे असं धरून चालली तर? एका फेरीत दीड सेकंद कुठून काढेल ती? गिरणीच्या वळणातूनच. नको."

"मग अर्धा लावा!"

"मग ती अडीच समजेल."

"अहो मग करायचं काय? साडेतीन मिनिटं आहेत!"

खरं लावावं तर खोटं ठरणार, आणि खोटं लावावं तर ती ते कसं घेईल याचा भरवसा नाही. मिस्त्री पाटीकडे बघत राहिले. नऊ वर्षांत त्यांनी तिची काय गत करून ठेवली होती! आकडा कुठलाही लावला तरी त्याच्या मागे त्यांचे हात होते, आणि धाकटी आकडा वाचत नव्हती, ते हात वाचत होती. एवढं त्यांना उमगलं. आणि त्याच क्षणी उत्तरही सुचलं. ते कडू होतं, पण सरळसोट होतं.

त्यांनी पाटीवर शून्य आणि अर्धा लावला. खराखुरा. मग दांडा थोरलीच्या हातात दिला.

"तू धर."

"मी?" थोरलीने पाटीकडे विस्तवाकडे बघावं तसं बघितलं. "मी कधी हात तरी लावलाय का?"

"म्हणूनच. तू खोटं लावणार नाहीस हे तिला माहीत आहे. जा, कठड्याला पोट टेकव. सरळ धर, हलवू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी मागे उभा राहतो. मोकळ्या हातांनी. दिसलो पाहिजे तिला."

थोरली कठड्याशी गेली. मिस्त्री तिच्या मागे, एका उलट्या खोक्यावर चढले आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले. शेजारच्या गॅरेजवाल्याने विचारलं, "मिस्त्री, पाटी सोडली?" त्यांनी हात आणखी ताणले. सगळ्या तळाच्या नजरा त्यांच्यावर होत्या आणि त्यांना आयुष्यात इतकं उघडं पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

धाकटी आली. हेल्मेट पाटीकडे वळलं. आणि या खेपेला लगेच सरळ झालं नाही. एक क्षण जास्त. पाटी, थोरली, मागे रिकामे हात पसरलेला बाप. मग ती टाकीवर सपाट झाली आणि इंजिनाने असा टाहो फोडला की मिस्त्री खोक्यावरून जवळजवळ खाली आले.

"ओढलं!" ते ओरडले. "कळलं तिला! अगं कळलं!"

शेवटची फेरी. बापलेक पडद्याला नाक लावून बसले. पुलावर आकडा आला आणि थोरलीने तोंडावर हात ठेवला. धाकटी चार दशांशांनी मागे. पाचव्या फेरीच्या उरलेल्या अर्ध्यात चष्मेवाल्याने पुढे उडी घेतली होती. आता अर्धी फेरी उरली होती, आणि धाकटीला काही सांगायची सोयही नव्हती. गिरणीच्या वळणावर ती पडद्यावर दिसली. गाडी इतकी झुकलेली की मिस्त्रींनी डोळे मिटले.

"पार झाली," थोरली म्हणाली. "बाबा, स्वच्छ पार झाली. उघडा डोळे."

मग ती समोरच्या वळणातून प्रत्यक्षच आली, रेषा ओलांडून गेली, आणि थोरलीने घड्याळ दाबलं. आता वीस सेकंद. वीसच्या आत चष्मेवाला आला तर तो जिंकला.

"दहा," थोरली मोजत होती. "अकरा. बारा."

सगळा तळ मोजू लागला. लाउडस्पीकरवाला मोजू लागला. पंधरा. सोळा. चष्मेवाल्याचं इंजिन ऐकू आलं. सतराला तो वळणातून बाहेर पडला, सरळ, खाली दबलेला, भयंकर वेगात. अठरा. मिस्त्रींनी कठडा पकडला. एकोणीस. अजून नाही, अजून नाही, अजून—

"वीस!" सगळे ओरडले, आणि त्या ओरडण्यातच चष्मेवाल्याने रेषा ओलांडली.

पडद्यावर आकडा आला. वीस पूर्णांक तीन दशांश.

मिस्त्री धावले. त्यांचं वय, त्यांचे गुडघे, मधली माणसं, कशाचंच भान नव्हतं. गाड्या थांबतात त्या आवारात धाकटी नुकतीच हेल्मेट काढत होती. घामाने केस चिकटलेले, डोळे लाल. आवाजाच्या गोंधळात तिला काहीच कळलेलं नव्हतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"जिंकलीस!" मिस्त्रींचा आवाज फाटला. "तीन दशांशांनी! पोरी, जिंकलीस!"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागे, धापा टाकत येणाऱ्या थोरलीकडे पाहिलं.

थोरलीने मान हलवली. हो.

तेव्हा कुठे धाकटी किंचाळली, उडी मारून बापाच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. मिस्त्रीही रडत होते. तिची ती मागे गेलेली नजर त्यांनी पुरती पाहिली होती. ती त्यांना लागली, खोलवर लागली, पण राग आला नाही. कमाई त्यांचीच होती.

"यापुढे पाटी थोरलीकडेच राहील," ते तिच्या घामट केसांत तोंड खुपसून म्हणाले. "मी आपला घड्याळ धरीन."

"नाही!" दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या.