चूलबंद आवतन

विपुलचं एक वागणं दुर्गाबाईंच्या डोक्यात जायचं. दळणाला धाडलं की गिरणीतून फोन, “आई, जाडं का बारीक?” किराण्याला धाडलं की प्रत्येक जिनसापायी एक फोन. नातीच्या बारशाचं आवतन द्यायला पाठवला, तर हा घरोघरी आधी माणसांना सांगून आला, मग बायांसाठी पुन्हा त्याच दारांत उभा. सरळ चूलबंद सांगावं, म्हणजे आज घरात चूल पेटवू नका, लहानथोर सगळे आमच्याकडे या. एका शब्दात घर मोकळं. पण नाही.

आज तेच सोंग तो कॉम्प्युटरपुढे करत होता, आणि आज ते परवडणारं नव्हतं.

दुर्गाबाईंच्या शब्दावर अर्ध्या गावानं अकोल्याच्या बीज संस्थेचं सोयाबीन उचललं होतं. आधीची दोन वर्षं नापिकीची. दर्यापूरच्या काळ्या रानात पेरणीजोगी ओल, वाफसा आला, पेरायला तिफनी निघाल्या, आणि दुर्गाबाईंनी सवयीनं उगवण पाहायला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेले दाणे आज पाहिले तर फुगून सडलेले. कोंब नाही. संस्थेचा माणूस फोनवर चाचरत म्हणाला, एक लॉट खराब निघाला, नंबर लिहून घ्या. कोणाकडे गेला ते तुमच्याच केंद्रावर बघा. केंद्र म्हणजे ओसरीतला विपुलचा कॉम्प्युटर. बॅगेवर नुसता बॅगेचा नंबर. ती कोणत्या लॉटची, हे अकोल्यालाच ठाऊक. सरसकट सगळ्यांना थांबवावं, तर ज्यांचं बी चांगलं त्यांचाही वाफसा हातचा जाणार.

“किती वेळ, विपुल?”

“विचारून राहिलो ना, आई.”

विचारून तो राहिला होताच. अकोल्याच्या त्या सर्व्हरला जोडून बोललेलं कळत नसे. नाव, गाव, बॅग किंवा लॉट, एका वेळी एकच सांगायचं. ‘आमच्या गावातले, खराब लॉटवाले’ म्हटलं की गप्प. म्हणून विपुलच्या प्रोग्रामनं एकेक शेतकऱ्याचं नाव धरलं, त्याच्या बॅगा मागवल्या, मग एकेका बॅगेचा लॉट विचारला. प्रत्येक विचारणा अकोल्याला जायची, रेंगाळत परत यायची. शेवटी पडद्यावर आलं: फार विचारणा झाल्या, थोड्या वेळानं या.

दुर्गाबाई ओसरीत येरझारा घालू लागल्या. समोर खुशालराव तिफन जुंपत होता.

“आई,” विपुलची बायको आचल पोरीला कडेवर घेऊन दारात आली. “मी यायले सकाळीच म्हटलं होतं. हे चूलबंद सांगाव लागते.”

“तू भाकरी पाह्य,” विपुल म्हणाला.

“भाकरी झाल्या. गावाचं नाव एकदा टाका, साऱ्यायच्या बॅगा येतीन. मंग लॉट एकदा टाका, त्या लॉटच्या साऱ्या बॅगा येतीन. दोन विचारणा. जुळवाजुळव आपण इथं करू.”

“पुरं गाव मागवलं तर ढीग येईन! कपाशीवाले, तूरवाले, सारे!”

“येऊ द्या ना. निवडाले आपल्याले अकोल्याले जा लागते का?”

विपुलनं तोंड फिरवलं. त्याच वेळी पडदा पुन्हा मोकळा झाला, आणि त्याचा हात सवयीनं जुन्याच बटणाकडे गेला.

“ऊठ,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“आई, पण...”

“ऊठ म्हटलं ना बाप्पा!”

आचल बसली. पोर दुर्गाबाईंच्या खांद्यावर आली. गावाची विचारणा गेली, आणि काही येईना. विपुल पुटपुटला, “सांगितलं होतं, ढीग आहे.” दुर्गाबाईंची नजर पडद्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून पडद्यावर. बैल चालू लागले होते. मग सगळा ढीग एकदम उतरला. लॉटचा तर लगेच आला. आचलनं दोन्ही शेजारी ठेवून जुळवले, आणि नावं खाली सरकू लागली. तिसरंच नाव खुशालरावाचं.

“खुशालराव!” दुर्गाबाईंचा आवाज नाल्यापार गेला असता. “थांब! ते बी मेलेलं आहे! तिफन फिरव!”

बैल शेताच्या धुऱ्याशी थांबले. दुर्गाबाई वळल्या. विपुल खांबाला टेकून उभा होता.

“आयक, विपुल. त्या मशीनले एकच गोष्ट समजते, तो काही तिचा गुन्हा नाही. तुले समजावणारी घरात असून तू तिले भाकरी पाह्यले सांगितलं, तो तुहा आहे. आजपासून या खुर्चीवर आचल बसन. तू गाडी काढ अन् नावं घेऊन निघ. अन् एका दारात दोनदा उभा राह्यलेला मले दिसू नको.”