नवाबच्या पोटातली गाठ

बल्लारपूरच्या उन्हाळ्यात जिथं माणसंच उकडून निघतात, तिथं घड्याळवाल्या जाफरने नागपूरहून थंड पाण्यातला जीव विकत आणला. ॲक्सोलॉटल नावाचा. पांढराफटक, चार पायांचा, कानांच्या जागी गुलाबी झालरी आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. जाफरने त्याचं नाव ठेवलं नवाब.

"पुऱ्या जिल्ह्यात कोनाजवळ नाई," जाफर म्हणाला.

कोणाला हवा होता, हे त्याच्या बायकोने, आफ्रीनने, विचारलं नाही. त्या दिवसापासून पाहुण्यांना कोमट सरबत मिळू लागलं आणि बर्फ नवाबच्या काचपेटीत जाऊ लागला. पेटी शोभावी म्हणून जाफरने तळाशी रंगीत खडेही अंथरले.

मे महिन्यात नवाबच्या पोटाला एका बाजूने गाठ आली. त्याने खाणं सोडलं. जाफरने दुकान बंद ठेवलं. आफ्रीन टायफॉइडने पडली होती तेव्हा दुकान व्यवस्थित चालू होतं.

शेजारच्या शकुबाईने डोकावून निदान केलं. "पोटुशी असन."

"नर आहे तो, बाई," जाफर म्हणाला.

"तुले कोनं सांगतलं?"

"दुकानदारानं."

"मंग खरंच असन," शकुबाई म्हणाली आणि निघून गेली.

जाफरने नवाबला डब्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी हा प्राणी कोणता ते विचारून घेतलं, मग ठामपणे सांगितलं, "ट्यूमर आहे. कापावं लागेल."

"अगोदर केलं आहे का तुमी असं?"

"म्हशीचं केलं आहे."

जाफर डोळे पुसत घरी आला. आफ्रीनला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही. पेटीतलं पाणी वास मारत होतं. तिने आपल्या नव्या स्टीलच्या पातेल्यात माठाचं पाणी ओतलं, नवाबला त्यात सोडलं आणि पातेलं कूलरपुढे ठेवलं.

सकाळी पातेल्याच्या तळाशी एक निळा खडा पडला होता. गाठ गायब. नवाब हसत होता; तो मरायला टेकला होता तेव्हाही हसतच होता म्हणा.

"दवाखान्यात नेलं म्हनून वाचला," जाफर म्हणाला.

"हो. भेलाच असन म्हशीच्या डॉक्टराले."

तिने पेटीतले सगळे खडे उपसून मोगऱ्याच्या कुंडीत टाकले. जाफर दुकानात गेल्यावर ती गांडूळ शोधायला बसली. एक सापडलं. चिमटीत धरून तिने ते पाण्यात सोडलं आणि नवाबने ते गिळेपर्यंत तिथून हलली नाही.

"खाय, बेशरम," ती म्हणाली, आणि दुसरं शोधू लागली.