धुणावळ

शुक्रवारी दुपारपासून चक्कीच्या फळीवर शनिवारच्या दळणाच्या डब्यांची रांग लागायची. पोचे आलेला पत्र्याचा डबा पुस्तकबांधणीवाल्याचा. त्याला खळीसाठी अगदी बारीक पीठ लागे. गोणी दूधवालीची, तिचा जीव पिठापेक्षा कोंड्यात. झाकणाला कुलूप असलेला स्टीलचा डबा वकिलीणबाईंचा. तो शनिवारी सकाळी सर्वांत आधी दळायचा, म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच येऊन ठेवून जात.

गेले दोन महिने चक्की सून चालवत होती. चाळीस वर्षांच्या पिठानं सासऱ्यांची छाती भरून गेली होती. ते आता दारातल्या खुर्चीत बसून खोकत आणि हुकूम सोडत. तिला हे काम आवडे. थंडीत वाढलेलं, दवावर पोसलेलं गव्हाचं पीक. कोणाच्याही शेतातलं असो, दगडांखालून बाहेर येताना सारखंच ऊन, सारखंच मऊ असे.

एक डबा मात्र कधी फळीवर येत नसे. पायरीच्या खाली, जमिनीवर राही. तो गटारं उपसणाऱ्याच्या बायकोचा. तिचं दळण आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, सगळ्यांच्या शेवटी. आणि तिच्याच गव्हातलं एक मापटं मागं ठेवायचं. तिचं दळण उरकलं की ते मापटं दगडांतून काढायचं, म्हणजे चक्की 'धुतली' जाते. आणि ते पीठ समोरच्या गटारात उपडं करायचं. दळण्याच्या मजुरीला दळणावळ म्हणतात. या मापट्याला सासऱ्यांनी गमतीनं नाव दिलं होतं धुणावळ. गल्ली तेव्हा पोट धरून हसली होती. विनोद जुना झाला की त्याचा रिवाज होतो. सूनही दोन महिने ते पीठ गटारात टाकत आली होती, नाक न मुरडता आणि विचार न करता.

त्या शुक्रवारी गटार तुंबलं. काळं पाणी पायरीला टेकलं, तेव्हा गटारवाला झाकण सरकवून कमरेइतका आत उतरला. अंगात भोकं पडलेली बनियन, हातात वाकडी सळई. रांगेतल्या बायांनी नाकाला रुमाल लावले.

“काय मेला वास!” डबा ठेवायला आलेल्या वकिलीणबाई म्हणाल्या. “या लोकांनी वेळच्या वेळी साफ केलं तर ना!”

“बाई, वास तुमचाच आहे,” खालून आवाज आला. “मी फक्त परत करतोय.”

“जीभ बघा कशी चालते!”

जीभ चालत होती, सळई चालेना. त्यानं ती टाकली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एक गोळा ओढून काढला. पांढुरका, चिवट, आंबलेला. वर बुरशीची निळी लव, आत वळवळणाऱ्या अळ्या. काठावर तो पचकन पडला. मग दुसरा. मग तिसरा.

“वहिनी,” त्यानं सुनेला हाक मारली, “हे तुमच्याकडचं. पीठ भिजून बूच बसतंय. दर तीन-चार महिन्यांनी काढतो मी.”

आवाजात तक्रार नव्हती, आणि नेमकं तेच तिला सोसवेना. तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्याच घरचा गहू, बायकोनं खडा न् खडा निवडून आणलेला, घाण होऊन त्याच्याच नखांत शिरला होता. तिला किळस आली. ही किळस गटाराची नव्हती. दोन महिने मापटं उपडं करणाऱ्या स्वतःच्या हातांची होती.

शेवटी पायरीखालच्या डब्याची पाळी आली. गटारवाल्याच्या बायकोनं कोणी न सांगता मापटं भरून पायरीवर ठेवलं आणि ती मागं सरकली. सुनेनं डबा चक्कीत रिकामा केला, आणि पाठोपाठ मापटंही त्यातच ओतलं.

दारातला खोकला थांबला. “हे काय केलंस?”

“दळण टाकलं, मामंजी.”

“आणि धुणावळ?”

“आजपासून बंद.”

“वहिनी, असं नका करू,” गटारवाल्याची बायको घाबरून म्हणाली. “मापटं जातं तर जाऊ दे. उद्या दळूनच मिळालं नाही तर पोरांनी काय गहू चावायचे? पलीकडचा चक्कीवाला आम्हाला दारातसुद्धा उभं करत नाही.”

“मी इथं आहे तोवर मिळेल.”

“तू इथं कोणाच्या जिवावर आहेस?” सासरे उठून उभे राहिले. “या चक्कीपायी चाळीस वर्षं पीठ गेलंय माझ्या छातीत!”

“कोणाकोणाचं गेलंय, मामंजी? श्वास घेताना निवडून घेतलं होतं का?”

वकिलीणबाई पुढे झाल्या. “तुमचं घरातलं घरात बघा. उद्या पहिलं दळण माझं आहे. न धुतलेल्या चक्कीत मी गहू टाकू?”

“आजवर कधी धुतलेल्या चक्कीत टाकलात?” सून शांतपणे म्हणाली. “मापटंभर गव्हानं चक्की धुतली जात नाही. दगडांच्या खाचांत, कापडी नळीत पसाभर पीठ अडकून राहतंच. पुढच्या दळणाबरोबर ते बाहेर पडतं. शुक्रवारी शेवटचं पीठ यांचं. शनिवारी पहिला डबा तुमचा. खोटं वाटत असेल तर मामंजींना विचारा.”

सगळे सासऱ्यांकडे पाहू लागले. ते मान खाली घालून पुन्हा खुर्चीत बसले.

वकिलीणबाईंचा हात तोंडाकडे गेला. अळ्यांनी भरलेल्या घाणीत एक माणूस अर्धा तास कमरेइतका उभा होता, त्या वेळी त्यांचं एका रुमालावर भागलं होतं. आता मात्र त्या वाकून गटाराच्या काठावर भडभडा ओकू लागल्या.

“बाई, जरा पलीकडं ओका,” आतला माणूस म्हणाला. “इथलं आत्ताच साफ केलंय.”

कोणी हसलं नाही. वकिलीणबाईंनी कुलपाचा डबा उचलला. त्यांच्यामागून दूधवालीची गोणी गेली. पुस्तकबांधणीवाला थोडा घुटमळला, आणि खाली बघत तोही गेला. फळी रिकामी झाली. सुनेनं ऊन पिठाचा डबा पायरी उतरून बाईच्या हातात दिला.

“आता कोणाचं दळशील?” सासऱ्यांनी विचारलं.

“जो आणील त्याचं. ज्या क्रमानं आणील त्या क्रमानं.”

तिनं चक्कीचा पट्टा उतरवला, फळी पुसली. उद्या सकाळी आठ वाजता चक्की उघडेल. फळीवर पहिला डबा कोण ठेवणार, हे आता तिच्या हातात राहिलेलं नाही.