सासऱ्यांचं लहानपणचं नाव

तुम्ही खोटं बोललात. माझ्या नवऱ्याने नारीन नदीच्या पुलावरून उडी मारली, फोन खिशातच होता, सगळं वाहून गेलं, हे तुम्ही ठाण्यातल्या खुर्चीत रेलून, चहाचे घोट घेत सांगितलंत. माझा फोन तर त्याआधीच तपासाच्या नावाखाली नेलात. तुमच्या गाडीत बसल्यावर त्याने मला काहीतरी पाठवलं होतं. ते मला ऐकायचं होतं, बस.

बाजारातून वापरलेला फोन आणला, माझाच नंबर पुन्हा काढून घातला. मेसेज आले, पण कुलूपबंद. परवलीचा शब्द हवा. तो नवऱ्यानेच टाकलेला, हसत हसत. "बाबांचं लहानपणचं नाव आहे. तुझ्या तोंडून जन्मात फुटायचं नाही."

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. सासरे केव्हाच वारले. ते नाव ठाऊक असलेली घरात एकटी सासूच, आमची अपा.

"अपा, लिहून द्या ना."

"या मोतीबिंदूत लिहू? कपाळ माझं!"

"मग सांगा."

"लग्न झाल्यापासून घेतलं नाही गं. मरणाची नजर पडू नये म्हणून त्यांच्या आईने ठेवलेलं, असलं घाणेरडं नाव! हसलीस ना बुरुल, तर चिमटा काढीन."

भर दुपारी अपाने दार लावलं, डोक्याचा रुमाल कपाळावर ओढला आणि नाव घेतलं. पुटपुटली नाही. हाक मारावी तसं घेतलं. चुलीवर खदखदणारी किटली एकदम गप्प झाली. मी ते नाव टाईप केलं. इथे लिहिणार नाही.

कुलूप उघडलं. गाडीच्या घरघरीत त्याचा आवाज: "बुरुल, पूल मागे राहिला. वर डोंगराकडे नेतायत. अपाला..." पुढे काही नाही.

अपा फोनला कान लावून बसलेली. तेवढ्यात त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. तिकडून कोणीतरी टाईप करत होतं. फार वेळ. मग अक्षरं आली:

"अपा, बाबांना हाक का मारलीस? ते इथे आलेत."

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार बंद होतं.

अपाने कढईत तेल तापवून कणकेचे बोरसोक तळायला घेतलेत, मेलेल्यांना वास पोचावा म्हणून. मी त्यातला एकही तोंडात घातलेला नाही, घालणार नाही. माझा माणूस जिवंत तुमच्या कोठडीत आहे, की आमच्या भिंतींना कान लावून तुम्ही एका म्हातारीशी खेळताय? वाहून गेला म्हणालात, तो फोन आत्ता कोणाच्या हातात आहे? उत्तर द्या.