वाचलेला वेळ कुणाचा?

क्रांती चौकाजवळच्या एका खासगी रुग्णालयात संगणक आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद राजनंदिनी सिस्टरला झाला. रोज सकाळी ताप, नाडी, सलाईन, गोळ्या सगळं रजिस्टरात लिहून तिची बोटं भरून यायची. तिनं बायकांच्या वॉर्डातल्या एकेका नर्सला शेजारी बसवून संगणक शिकवला. तिच्याच पाळीची, कंत्राटावरची बिल्किस मात्र काही केल्या तयार होईना.

"वेळ वाचंल गं, पेशंटपाशी बसायला मिळंल," असं सांगून राजनंदिनीनं तिचं मन वळवलं.

आणि वेळ खरंच वाचला. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पाचोडच्या मुक्ताबाईंना बिल्किस आपल्या हातानं भरवू लागली, त्यांची वेणी घालू लागली. थोडे दिवस त्या वॉर्डात हसणं ऐकू यायचं.

परिचारिका दिनाला व्यवस्थापक शिवराज सरांनी राजनंदिनीला शाल-श्रीफळ दिलं आणि 'सेवेची देवी' म्हणून भाषण ठोकलं. देवी म्हटलं की तिच्या मदतीला दुसरी बाई द्यावी लागत नाही, ही त्यातली सोय. नोंदींचा वेळ निम्म्यावर आला, असं राजनंदिनीनंही भाबडेपणानं सगळ्यांसमोर सांगितलं. आठवडाभरात बिल्किसला काढलं. निम्मा वेळ वाचतो, मग पाळीला दोघी कशाला, असा सरांचा हिशेब होता.

जाताना बिल्किस भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्यावर भरोसा ठेवून शिकले मी."



आता दोघींच्या नोंदी एकटीच्या गळ्यात पडल्या. एक जरी राहिली तरी पडद्यावर लाल खूण उमटायची आणि वरून फोन यायचा. मुक्ताबाईंचं ताट गार होऊ लागलं. "पोरी, आताशा तुझी पाठच दिसती," त्या एकदा म्हणाल्या. ती तक्रार नव्हती, म्हणूनच जास्त लागली. ज्या कामासाठी ती नर्स झाली होती, तेच काम तिला फसवून, तिचेच शब्द वापरून काढून घेतलं होतं. याचा संताप तिला झोपेतही सोडेना.

मग बाळंतिणींच्या वॉर्डात संगणक आला. शिकवायला अर्थातच राजनंदिनी. नव्या मुली बिचकतात, वेळ वाचतो हे त्यांना नीट पटवा, असं सरांनी बजावलं होतं. समोर सगळ्या कंत्राटी. त्यांतल्या करमाडच्या तनुजानं विचारलं, "ताई, खरंच वेळ वाचतो का?"

सर दारातच उभे होते.

"वाचतो," राजनंदिनी म्हणाली. "माझा वाचला, आन् त्यात बिल्किसची नोकरी गेली. कुणालाच काढणार नाय, असं सरांकडून आधी लिहून घ्या. तवर मी शिकवणार नाय."

तुमच्याही जागी दुसरी मिळेल, असं सर थंडपणे म्हणाले. ती संगणकापुढची खुर्ची सोडून उठली आणि त्या मुलींमध्ये जाऊन बसली.

वाचकहो, उद्या त्या खाटेवर तुमचं माणूस असेल. हाक मारल्यावर त्याच्या उशाशी कुणी येणार की नाही, हे त्या दुपारी त्या खोलीत ठरत होतं, आणि त्यासाठी बोलली ती एकटी राजनंदिनी.