अर्धा सूर वर

आमच्या पाचव्या अल्बमचं कुणी कौतुक करायला लागलं की मी विषय बदलतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय माझ्यात औषधालाही नाही, घरी कुणालाही विचारा.

बँडमध्ये आम्ही चौघं. दादा, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, गातो. मी बेस गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंगचं लचांडही माझ्याच गळ्यात. ड्रमरला आम्ही 'घाई' म्हणतो, कारण प्रत्येक गाणं तो पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं वाजवतो. लीड गिटारवाला वाजवतो झकास, बोलतो वर्षातून दोनदा. गाणी तीन-तीन मिनिटांची, गिटारी खणखणीत, आणि ध्रुवपदाला दादाचा आवाज इतका वर जायचा की ऐकणाराही टाचा उचलायचा. पहिले दोन अल्बम त्या वरच्या सुरावरच चालले. तिसरा कसाबसा तरला, चौथा आपटला. पाचवाही आपटला असता तर कंपनी आम्हाला नारळ देणार हे उघड होतं.

पाचव्याच्या पहिल्याच गाण्याच्या ध्रुवपदात दादाचा आवाज फाटला. सहा वेळा गायला, सहाही वेळा फाटला. मग हेडफोन काढून तो काचेपलीकडून माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला ते बघवेना.

"जरा पाय मोकळे करून ये," मी म्हणालो.

तो बाहेर गेल्यावर मी रेकॉर्डिस्टला सांगितलं, याच्या हेडफोनमधलं संगीत किंचित हळू चालव. युक्ती जुनीच आहे. वेग उतरला की पट्टीही अर्ध्या सुरानं उतरते, गाणारा त्या खालच्या सुरात आरामात गातो. नंतर सगळं मूळ वेगाला आणलं की त्याचा आवाज अर्धा सूर वर चढतो, वर दहा वर्षांनी तरुणही वाटतो.

"त्यांना सांगायचं ना?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"काही गरज नाही."

दादा परत आला आणि एका दमात गाऊन मोकळा झाला. "घाईनं इथं चक्क सबुरीनं वाजवलंय रे!" एवढंच म्हणाला. मग मूळ वेगात स्वतःला ऐकलं.

"हा मी आहे?"

"मग काय, आपले बाबा?"

तो पोट धरून हसला आणि ते गाणं त्यानं मला तीनदा लावायला लावलं. बाकीची दहा गाणीही मी तशीच करून घेतली.

अल्बम बाहेर यायच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो होतो. दादा आंघोळीला गेला होता. वहिनी मटार सोलता सोलता म्हणाली, "भाऊजी, आता सांगायला हरकत नाही. डॉक्टरांनी यांच्या गळ्यात गाठ आहे म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतली होती. पण हे म्हणाले, रेकॉर्डिंगला वरचा सूर लागला नाही तर मुकाट्यानं जाऊन झोपतो टेबलावर. आणि लागला की हो! तारीख रद्द करून टाकली."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

दादा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो काय, तर, "दादा, एकदा परत दाखवून ये ना डॉक्टरला."

"अरे, आवाज ऐकलास ना माझा? तू स्वतः बसला होतास तिथं. मग कशाला?"

आज नको, उद्या सांगू, असं करत मी तोंडात मिठाची गुळणी धरून राहिलो. त्याचा हिरमोड होईल म्हणून गप्प बसलो, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत होतो. ते अर्धंच खरं आहे. अल्बम चालायला लागला होता, गावोगावचे कार्यक्रम ठरत होते, आणि मला ते हवं होतं.

पाचव्या कार्यक्रमात, दुसऱ्या गाण्याला, त्याचा आवाज गेला. फाटला नाही, गेलाच. तो तोंड उघडायचा आणि काही यायचं नाही. लोकांना वाटलं, आपल्याला गायला लावतोय. ते मोठ्या आनंदानं ध्रुवपद गायले.

गाठ वाढली होती. गळ्यातला एक स्वरतंतू काढावा लागला. "आठ महिन्यांपूर्वी आले असते, तर गाठीवरच भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. आठ महिन्यांपूर्वी आम्ही पहिलं गाणं रेकॉर्ड करत होतो.

आता दादा नुसता कुजबुजतो. टाके सुकल्यावर एका दुपारी मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. आतल्या खोलीत वहिनी इस्त्री करत होती, आणि आमचाच अल्बम लावला होता.

दादानं ऐकून घेतलं.

"किती गाणी?"

"सगळी."

"म्हणजे मला लागलाच नव्हता."

"नाही."

त्यानं माझी कॉलर धरून मला जवळ ओढलं. मला वाटलं, आता मारणार, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण आतल्या गाण्यापुढे त्याची कुजबुज माझ्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून ओढलं होतं.

"हिला सांगू नकोस," तो माझ्या कानाशी म्हणाला. "ती रोज ऐकते."