अर्धी पात

दानेश्वरी हृदयाच्या इको तपासणीच्या खाटेवरून उतरली आणि स्टुलापर्यंत येता येता दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबताना तिनं उगाच पदर सारखा केला.

"दम कधीपासून लागतो?" कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन म्हैने झाले."

"पर बीपी एकदम चांगलं हाय हिचं," सासू सिद्धव्वा मध्येच म्हणाली. "हळ्ळीखेडच्या दवाखान्यात दर खेपेला बघितलंय. मग दम कामून लागायलाय?"

"ते हाताचं बीपी, आजी. हिचं फुप्फुसातलं वाढलंय. ते पट्टा बांधून कळत नाही. तिथल्या नळ्या अरुंद झाल्यात, त्यांतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगलीय. पक्कं करायला आत नळी घालून दाब मोजावा लागेल." त्यांनी पडद्यावरचं चित्र पुन्हा पाहिलं. "पण हे दोन महिन्यांचं नाही. खरं सांगा."

दानेश्वरीनं दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या जावेकडे पाहिलं. नको, असं तिचे डोळे म्हणत होते.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्सापासून," अंबिका म्हणाली.

सिद्धव्वाची मान गर्रकन वळली. "मग मला कसं दिसलं न्हाई? खुरपायला तर सगळ्यांच्या बराबर बांधाला लागायची!"

"तिची अर्धी पात म्या काढायचे, आत्या."

खुरपणीत ज्या बाईची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, मागं राहते, तिची सगळं शिवार टर उडवतं. म्हणून अंबिका नेहमी धाकटीच्या शेजारची पात धरायची आणि गप्पा मारत दोन्हीकडे खुरपं चालवायची. घागरीही तीच आणायची. पाठच्या बहिणीसारखी माया होती तिची या पोरीवर. कुणाला कधी संशय आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा आणायला हवं होतं. गोळ्या आताही देते, पण फार आशा धरू नका."

बाहेर बाकावर बसल्यावर अंबिकेला रडू आवरेना.

"म्याच घालवलं तुला. माझ्या हातानं घालवलं."

"गप, अक्का." दानेश्वरीनं श्वास गोळा केला. "तवा कळलं असतं तर मला माहेरी नेऊन सोडलं असतं. एवढी वर्सं घरात तरी राहिले."

सिद्धव्वा त्याच बाकावर बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती औषधाच्या पिशवीची गाठ सोडत, पुन्हा बांधत राहिली. ‘सोडलं नसतं’ असं मात्र म्हणाली नाही.